दुःखाला ऐकणारा : बीबी परिसरातील मौखिक परंपरा आणि मनःस्वास्थ्याचा विचार

साहित्याचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंध हा मराठी समीक्षेला अपरिचित विषय नव्हे. करुणरसापासून आनंद कसा होतो, या प्रश्नाभोवती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी काव्यविचार दीर्घकाळ फिरत राहिला. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची उपपत्ती, रा. श्री. जोग आणि द. के. केळकर यांचे काव्यशास्त्रीय विवेचन, तसेच ॲरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस' या संकल्पनेला 'भावविरेचन' असा प्रतिशब्द देऊन झालेली चर्चा या सर्वांचा विषय तत्त्वतः एकच होता. परक्याचे दुःख पाहून किंवा वाचून सुख का वाटावे, हा तो विषय. या चर्चेच्या केंद्रस्थानी होता तो रसिक. ज्याचे दुःख आहे त्याचे काय होते, हा प्रश्न तेथे जवळजवळ विचारलाच गेला नाही. वस्तुतः भरताने नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडित झालेल्यांना विश्रांती देण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. मराठी काव्यशास्त्राने त्यातील आनंद तेवढा उचलला आणि विश्रांती बाजूला ठेवली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा सोडून दिलेला प्रश्न आता आरोग्यशास्त्राच्या दाराने परत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य या विषयावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतलेला असून संगीत, नृत्य, नाट्य, वाचन, चित्रकला यांचा मानसिक आजारांच्या प्रतिबंधात आणि उपचारात उपयोग होतो, असे त्यात नोंदविले आहे. असे अहवाल स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांची भाषा उपक्रमांची आणि परिणामांची असते. आठवड्यातून किती तास गायन, किती सत्रे वाचन, त्यानंतर गुणांकात किती फरक, अशा मांडणीत कला ही औषधाच्या मात्रेसारखी होऊन बसते. रचनेतील नेमके कोणते अंग दुःखिताला आधार देते, हे शोधण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे. ते त्याने केले नाही तर दुसरे कोणी करील असे दिसत नाही. प्रस्तुत लेखात हा शोध एका मर्यादित भूभागाच्या आधाराने घेतलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी हे मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. वऱ्हाड येथे संपत येते आणि मराठवाडा जवळ येतो. बोलीतही ही सीमा ऐकू येते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांची कोरडवाहू शेती हा या भागाचा आधार. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हा परिसर लहान नाही. चक्रधरस्वामींच्या भ्रमणात मेहकर आणि लोणार ही स्थाने आहेत आणि लीळाचरित्रात त्यांच्या नोंदी आहेत. चोखामेळ्याचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्याचे नाव घेते ते मेहुणाराजा शेजारच्या देऊळगावराजा तालुक्यात आहे. याच जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानीबाबांचा दर्गा असून होळीच्या सुमारास भरणाऱ्या तेथील यात्रेत सर्व धर्मांची माणसे आपल्या घरातील 'बाहेरची बाधा' झालेल्या माणसाला घेऊन येतात. तेव्हा मनाच्या व्यथेसंबंधी या भागाने काही विचार केलेला आहे आणि तो ग्रंथांइतकाच, किंबहुना ग्रंथांहून अधिक, बोलण्याच्या आणि गाण्याच्या रूढीत साठवलेला आहे.

दुःखाची क्रियापदे

प्रथम भाषेकडे पाहणे इष्ट ठरेल. मनाच्या अस्वास्थ्यासाठी या भागात जी बोलणी आहेत त्यांत नामांपेक्षा क्रियापदे अधिक आहेत. घोर लागणे, चिंता लागणे, धसका घेणे, हाय खाणे, मनाला लावून घेणे, जिवाची घालमेल होणे, काळजात कालवणे. यांतील पहिल्या गटात दुःख बाहेरून येऊन माणसाला लागते, जशी ठेच लागावी किंवा दृष्ट लागावी. दुसऱ्या गटात माणूस ते स्वतः आत घेतो. त्याने हाय खाल्ली, तिने धसका घेतला, अशी ही रचना आहे. गेल्या काही दशकांत खेडोपाडी रुळलेला 'टेन्शन' हा शब्दही याच व्याकरणात बसला, हे लक्षणीय आहे. टेन्शन येते आणि टेन्शन घेतले जाते. परभाषेतला शब्द आला तरी त्याला क्रियापदे घरचीच मिळाली.

तिसरा गट याहून सूक्ष्म आहे. 'मला करमत नाही' असे अन्यत्र म्हणतात तेथे विदर्भात 'गमत नाही' असे म्हणतात. या वाक्याला कर्ताच नाही. मराठी व्याकरणकारांनी 'उजाडले', 'मळमळते' यांसारख्या क्रियापदांना भावकर्तृक म्हटले आहे. 'गमत नाही' हे त्यांच्याच जवळचे. बोलणारा केवळ चतुर्थीत उभा आहे. काहीतरी त्याच्या ठायी घडत नाही, एवढेच तो सांगतो. त्यात त्याच्याकडे दोष जात नाही आणि कोणावर आरोपही होत नाही.

याच्याशेजारी 'नैराश्यग्रस्त' हे विशेषण ठेवून पाहावे. ते अचूक आहे, वैद्यकाला आवश्यक आहे आणि तीव्र विकारात त्यावाचून योग्य उपचार सुरू होत नाहीत. परंतु ते माणसाला चिकटते आणि त्याची ओळख होऊन बसते. 'घोर लागला' या म्हणण्यात मात्र लागलेले सुटू शकते, ही शक्यता भाषेनेच राखून ठेवलेली असते. सुटकेसाठीची बोलणीही तशीच आहेत. मन मोकळे करणे, जीव हलका होणे, सुखदुःखाचे बोलणे. यांपैकी शेवटचे एकट्याने करता येत नाही. दोघी सुखदुःखाचे बोलत बसल्या, असेच वाक्य होते. एकटी बसली असेल तर वाक्य बदलावे लागते.

झिंबाब्वेतील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ फार विचार करणे, विचारांनी डोके भरून जाणे. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे येथे आजीबाईंच्या साहाय्याने सुरू केलेल्या 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमाने रोगनाम बाजूला ठेवून हाच शब्द स्वीकारला. आरोग्यकेंद्राच्या आवारात एक बाक असतो, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी बसते आणि आलेल्याचे ऐकते. पहिल्या टप्प्याला त्यांनी दिलेल्या शोना नावाचा अर्थ 'मन उघडणे' असा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकावर येणाऱ्यांच्या तक्रारी नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले. वऱ्हाडातील 'लय इचार करते' हे वाक्य आणि शोनातील तो शब्द यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. तरीही दोन्हींना उत्तर म्हणून समाजाने सुचविलेली गोष्ट एकच आहे : कोणीतरी शेजारी बसावे.

जात्याचा खुंटा आणि दोन हात

मराठी मौखिक परंपरेत ही शेजारी बसण्याची गोष्ट सर्वांत पूर्णत्वाने जात्यावरच्या ओवीत आढळते. ओवीसंकलनाचा इतिहास सर्वपरिचित आहे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' १९४० च्या सुमाराचे. दुर्गा भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' मधून १९५६ साली अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे संकलनाचे मोठे काम उभे केले. पुढे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संग्रहाने त्या ध्वनिमुद्रणांसह क्रमाक्रमाने प्रसिद्ध केल्या. या ओव्यांतील स्त्रीदुःखावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, मुलगी परघरी जाण्याचे दुःख ही आशयसूत्रे आता पाठ्यपुस्तकी झाली आहेत. आशयाच्या या अभ्यासात रचनेकडे मात्र दुर्लक्ष झाले.

जाते दोघी ओढतात. एकट्या बाईने दळणे शक्य असले तरी जड आहे. म्हणून सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय किंवा शेजारीण समोरासमोर बसतात आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात येतात. एक हात मध्येच मोकळा करून जात्याच्या तोंडात धान्य वैरावयाचे असते. हा फेरा ओवीची लय ठरवितो. एकीने पहिली ओळ उचलावी, ती पुन्हा म्हटली जात असता दुसरीने तीत आवाज मिसळावा आणि मग दुसरी ओळ यावी, असा सर्वसाधारण क्रम असतो. पुनरुक्तीची ही जागा केवळ नादासाठी नाही. समोरच्या बाईला ओळ ऐकून, ओळखून तीत शिरण्यासाठी लागणारा वेळ ती पुरविते. ओवीतील संबोधने पाहिली तर हीच गोष्ट दिसते. माउली, बंधू, शेजी, विठ्ठल, कधी प्रत्यक्ष जाते हाच ईश्वर म्हणून ओवीत हाकेला येतो. ज्या ओवीत कोणालाच हाक नाही अशी ओवी शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ओवीतील शब्द बव्हंशी तयार असतात. एकीची ओवी दुसऱ्या गावात, तिसऱ्या जातीत, थोड्या फरकाने सापडते. आधुनिक काव्यविचाराला यात अनुभवाच्या अस्सलपणाची उणीव वाटण्याचा संभव आहे. दुःखिताच्या बाजूने पाहता ही उणीव नसून संरक्षण आहे. सुनेला सासूच्या देखत, सासूबरोबर खुंटा धरून, सासुरवासाचे गाऱ्हाणे करता येते. कोणी जाब विचारला तर ती ओवीच आहे, सगळ्याच म्हणतात, असे तिला सांगता येते. दुःख तिचे असते आणि शब्द सर्वांचे. समोरचीही त्या शब्दांत आपले दुःख घालून तिच्याबरोबर म्हणते. उपचारशास्त्र ज्याला गोपनीयता म्हणते तिची ही उलट बाजू होय. सर्वांसमोर बोलूनही ती उघडी पडत नाही.

ग्रीसच्या दक्षिणेस मानी या प्रदेशातील शोकगीतांचा अभ्यास नादिया सेरेमेताकिस यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. तेथे मृताभोवती जमलेल्या स्त्रियांत एक मुख्य गाते आणि इतर तिला प्रतिसाद देतात. या प्रतिसादावाचून शोकाला सत्यता येत नाही, आणि जो कोणी प्रतिसादाविना गेला त्याचे मरण तेथे दारुण मानले जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मानीचा विधी मृत्यूचा आहे आणि जाते रोजच्या पहाटेचे, हा भेद मोठा आहे. परंतु एकीचे दुःख दुसरीने म्हटल्यावर खरे होते, हे तत्त्व दोन्हीकडे समान दिसते. अशा रचनेला 'विरेचन' हा शब्द अपुरा पडतो. विरेचनात आत साचलेले बाहेर पडते. ओवीत ते बाहेर पडून समोरच्या बाईपर्यंत पोहोचते, आणि आराम मिळत असेल तर तो त्या पोहोचण्यात असतो.

छापील संग्रहात नेमके हेच गळून पडते. पानावर ओवी एकटी उभी असते. जुन्या संग्रहांत तर गाणारीचेही नाव नाही; प्वातवाँ-राईरकर यांनी नावे, गावे, जाती नोंदविल्या हा मोठा पालट होय. तरीही सोबतीने खुंटा कोणी धरला होता, ती कोणत्या नात्याची होती, तिने कोणत्या ओळीला आवाज दिला आणि कोणत्या ओळीला ती गप्प राहिली, याकडे अभ्यासाचे लक्ष क्वचितच जाते. संहिता वाचली आणि प्रसंग सुटला, असे मौखिक साहित्याच्या अभ्यासात वारंवार होते. येथे त्याची किंमत अधिक आहे, कारण आधार देणारे अंगच प्रसंगात होते.

ओवीचे गौरवीकरणही टाळावयास हवे. मूल नसलेल्या बाईचे दुःख ओवी सांगते आणि त्याच दमात मुलगा हेच बाईचे सार्थक, हे मूल्य पक्केही करते. विधवेला ती जागा देते, परंतु तिची स्थिती बदला असे म्हणत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात मुली जी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत सासरच्या माणसांची थट्टा अधिक मोकळी आहे. तरी ती लग्नापूर्वीची तालीम आहे, हे विसरून चालणार नाही.

पुरुषाला ओवी नाही

आता एका कठीण प्रश्नाकडे वळावे लागते. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य घोषित केले, त्यांत बुलढाणा होता. २०१५ साली राज्य शासनाने १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यांतही तो आहे. आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्यांत पुरुष बहुसंख्य आहेत. कर्ज, नापिकी, भाव, पावसाचा खंड ही कारणे अनेकांनी मांडली आहेत आणि ती मूलभूत आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांना पर्याय शोधू नये. परंतु एक गोष्ट त्याच्या कक्षेतील आहे आणि ती त्याने नोंदविली पाहिजे. या भागातील कुणब्याला, माळ्याला, वंजाऱ्याला स्वतःचे दुःख प्रथमपुरुषी सांगण्यासाठी परंपरेने कोणता वाङ्मयप्रकार दिला?

भजनी मंडळ आहे, हरिपाठ आहे, गावोगावचा नामसप्ताह आहे. तेथे पुरुष एकत्र येतात, गातात, आणि त्या एकत्र येण्याचे मोल कमी नाही. परंतु तेथील 'मी' हा संतांचा आहे, आणि त्याचे दुःख संसाराच्या असारतेचे आहे. सावकाराच्या किंवा बँकेच्या दारातील अपमानाला त्यात जागा मिळत नाही. दुसरा प्रकार पोळ्याच्या झडत्यांचा. पिठोरी अमावास्येला तोरणाखाली बैल उभे राहिले की कोणी एक उठून झडती म्हणतो आणि जमाव महादेवाच्या जयघोषाने ती उचलून धरतो. बियाणे, खत, पुढारी, भाव, कर्ज यांवरच्या झडत्या विदर्भात सर्वत्र ऐकू येतात. रचनेच्या दृष्टीने ही ओवीचीच भावंडे म्हणावी लागतील, कारण एकजण बोलतो आणि सारे गाव प्रतिसाद देते. मात्र झडती उपरोधाने बोलते, 'आम्ही' म्हणून बोलते आणि वर्षातून एकच दिवस बोलते. बाईला रोज पहाटे जाते होते, पुरुषाला पोळा. या विषमतेचा आत्महत्यांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे धाडस कोणी करू नये, कारण आत्महत्या स्त्रियाही करतात आणि जाती तर कधीच थांबली आहेत. परंतु पुरुषाचे 'मला गमत नाही' हे वाक्य ऐकून घेण्याची रूढ जागा दाखवा, असे म्हटले तर बोट कोठे ठेवावे हे कळत नाही.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या 'विश्राम' या उपक्रमाचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातीलच कार्यकर्ते घरोघर व बैठकांतून मनाच्या ताणाविषयी बोलत, प्राथमिक समुपदेशन करीत आणि गरज असेल तेथे डॉक्टरांपर्यंत पोहोचवीत. नैराश्य असलेल्या व्यक्तींपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण या काळात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ते नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले असले तरी भरताच्या विश्रांतीशी त्याचा मेळ बसावा, हा योगायोग सुखद आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर देशभर उपलब्ध आहे. तीत मराठीतही बोलता येते. ऐकणाऱ्याची उणीव शासनालाही जाणवली, असा याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही.

वेड, बाधा आणि गावातील जागा

जेथे दुःख साध्या उदासीनतेच्या पलीकडे जाते तेथे परंपरेने काय केले? याची दोन उत्तरे या परिसरात शेजारी शेजारी आहेत. एक सैलानीचे. बाधा झालेला माणूस तेथे बोलतो, ओरडतो, घुमतो. ते बोलणे त्याचे नसून त्याच्या अंगातील कोणाचे तरी आहे, असे मानल्यामुळे ते सर्वजण ऐकतात. ओवीतील 'शब्द सर्वांचे' या संरक्षणाचेच हे टोकाचे रूप होय. स्त्री-पुरुष, हिंदू-मुसलमान असा भेद तेथे राहत नाही, हेही खरे. तथापि या आधाराखाली क्रौर्यही दडू शकते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध केले आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. श्रद्धास्थानी मिळणारे ऐकून घेणे आणि रुग्णालयात मिळणारे औषध यांत निवड करण्याची पाळी घरच्यांवर येऊ नये. एकनाथांनी भारुडात भुताची कल्पनाच उचलून तिला भक्तीचे रूपक केले, तेव्हा भुताला न हसता त्याचा अर्थ पालटता येतो, हे त्यांनी सोळाव्या शतकात दाखविले होते.

दुसरे उत्तर महानुभाव वाङ्मयातले. गोविंदप्रभूंचे रिद्धपूर येथील चरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. त्यात गावकरी त्यांना वेडे म्हणतात आणि आई-बापही म्हणतात. दोन्ही शब्द एकाच आदराने उच्चारले जातात. ते मुलांत खेळतात, कोणाच्याही घरी शिरतात, जेवतात, रुसतात, जातिभेद मानीत नाहीत, आणि गाव त्यांच्याभोवती आपले दैनंदिन व्यवहार जुळवून घेते. मराठी गद्याच्या आरंभकाळी असा ग्रंथ असावा, याचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. अर्थात रिद्धपूरच्या लोकांनी त्यांना परमेश्वर मानले म्हणून ही जागा दिली. साध्या वेड्याला ती मिळाली असती काय, हा प्रश्न ग्रंथाबाहेर राहतोच. लीळाचरित्राचा जन्मही येथे आठवावा. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर विरहात असलेला नागदेवाचार्यांचा समुदाय त्यांच्या आठवणी बोलत राहिला आणि म्हाइंभटांनी ज्याने पाहिले त्याला विचारून त्या जमविल्या, असे परंपरा सांगते. आठवण सांगणारा आणि विचारणारा असे दोघे त्या ग्रंथाच्या मुळाशी आहेत.

या सर्व विवेचनाला मर्यादा घालणारा एक आवाजही याच परिसरातून येतो. चोखामेळ्याने आपले दुःख विठ्ठलापुढे ठेवले. त्याचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत मात्र देवालाच जाब विचारलेला आहे. हे दुःख बाहेरून लादलेले होते, आणि ते ऐकून घेतल्याने संपणारे नव्हते. सोयाबीनचा भाव पडल्यामुळे ज्याची झोप उडाली त्याला संगीत ऐकविणे, आणि तेवढ्यावर थांबणे, हे कर्ममेळ्याच्या प्रश्नाला बगल देणेच होय. कलांचा उपयोग मनःस्वास्थ्यासाठी करू पाहणाऱ्या प्रत्येक योजनेने हा पिता-पुत्रांतील फरक ध्यानात ठेवावा.

विद्यापीठीय मराठी विभागांना या क्षेत्रात करण्यासारखे काम त्यांच्या नेहमीच्या कामाहून फार वेगळे नाही. आरोग्यसेवक वापरतात त्या प्रश्नावल्यांचे मराठी बहुधा प्रमाणभाषेतील असते. 'गमत नाही', 'हाय खाल्ली', 'घोर लागला' यांसारख्या बोलण्यांची जिल्हावार सूची झाली तर आशा सेविकेला आणि डॉक्टरला ती हाताशी येईल. ज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. बचत गटाच्या बैठकीत त्यांच्या सुना समोरासमोर बसतात, परंतु तेथे हप्त्यांचा हिशेब असतो. त्याच बैठकीत म्हाताऱ्यांना बोलावून ओव्या म्हणवून घेतल्या तर संकलन होईल आणि बसण्याला दुसरे कारणही मिळेल. हरारेच्या आजीबाईंना बाक मिळाला. येथे आजीही आहे आणि तिच्या तोंडी संहिताही आहे.

अशा संकलनासाठी जी नोंदपत्रके केली जातात त्यांत गाणारीचे नाव, वय, गाव, जात आणि ओवीचा विषय असे रकाने असतात. त्यांत सोबतीने म्हणणारीचा एक रकाना वाढवावा, आणि ती गाणारीची कोण लागते, तसेच कोणत्या ओवीला तिने साथ केली नाही, हे त्यात लिहावे.